आधी बूड बघ

चि. स अनेक आशीर्वाद,

तुझा त्या जुन्या जर्मन धाटणीच्या मातीच्या बुधल्याचा फोटो पोचला. मानेवर दाढीवाला बाबा, पोटावर १५९४ असा ठसा आणि खाली तुझा एकच प्रश्न: घेऊ का? थांब जरा. बुडाचा फोटो का नाही काढलास?

ठशातलं साल म्हणजे भांड्याचं जन्मसाल नव्हे. नक्षी साच्यात दाबून मग भांड्यावर चिकटवायचे. साल त्या साच्याचं, आणि साचा वर्षानुवर्षं चाले. त्यात १९व्या शतकात जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीकाठच्या जुन्या भांड्यांचं वेड आलं. रेरेन (हे गाव आता बेल्जियममध्ये आहे) आणि जर्मनीतल्या वेस्टरवाल्डच्या कुंभारांनी जुने नमुने सालासकट पुन्हा घडवले. फसवायलाच असं नाही, गिऱ्हाइकाला तसंच हवं होतं.

माझा पहिला मातीचा जग, म्हणजे कानाचं भांडं, असाच. शेतकऱ्यांचा नाच, १५८९ साल, मी हरखले. घरी चहाचं आधण ठेवून जग पुसत होते, तर कानाजवळ अर्ध्या लिटरची खूण! जर्मनीत लिटर लागू झाला १८७२ पासून. चहा उतू गेला. त्या जगात मी आता कालथे ठेवते.

तेव्हा आधी उलटा कर. फिरत्या चाकावरून तारेनं कापलेल्या बुडावर बोटाच्या ठशासारख्या वळणदार रेघा असतात. मग आत टॉर्च मार. कुंभाराच्या बोटांची वळी दिसली तर पुढे बोलू. बाहेर दाढी फुगलेली आणि आत नेमका तिथेच खळगा असेल, तर ते अख्खं साच्यातलं काम, घेऊ नकोस.

संत्र्याच्या सालीसारख्या पोतावर मात्र विसंबू नकोस. भट्टी १२०० अंशांच्या घरात तापली की वरून मीठ टाकत. त्यातला सोडियम मातीतल्या सिलिकाशी मिळून काचेसारखी झिलई चढे, तिचाच हा पोत. चांगली नक्कलही मिठावरच भाजलेली असते. कथलाचं झाकणही पुरावा नाही, ते मागाहून बसवलेलं असू शकतं.

नजर तयार करायची तर १६२९ साली ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ फुटलेल्या ‘बटाविया’ जहाजातले दाढीवाले बुधले बघ. ते तरी त्या सालानंतरचे नाहीत. आणि पहिली खरेदी फुटक्या भांड्याची कर. कान तुटलेला खरा बुधला स्वस्तात मिळतो, शिवाय तुटल्या कडेला आतली माती दिसते.

बुडाचा फोटो पाठव. उजेड बाजूनं पडू दे, नाहीतर रेघा दिसत नाहीत.

— मावशी