खानापूरकडे परसात फणसाखाली गांधीलमाशी चावली, आजी चुना लाव म्हणते. लावू का?

चुना लावू नका. जागा साबणाने धुऊन फडक्यात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटे धरा. विष कातडीच्या आत गेलेले असते, चुना तिथवर पोचत नाही, उलट कातडी भाजते. मधमाशीसारखा काटा गांधीलमाशी सहसा मागे ठेवत नाही, म्हणून खरवडत बसू नका. बोटाला डंख असेल तर सूज चढायच्या आत अंगठी काढा. मात्र अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, धाप लागली, चक्कर आली किंवा बरेच डंख बसले, तर हे घरचे काम नाही. लगेच १०८ ला फोन करा. फांदीवरचे पोळे रॉकेल ओतून पेटवू नका, डिवचल्यावर साऱ्या मिळून तुटून पडतात. पोरांना तिकडे फिरकू देऊ नका.