वाचक विचारतात : श्रमदानातली पवनचक्की

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आमचा गट सह्याद्रीतल्या एका पठारावरच्या वाडीत छोटी पवनचक्की बांधणार आहे. घरी बांधायच्या पवनचक्क्यांचे जाणकार ह्यू पिगट यांचा २.४ मीटर व्यासाचा आराखडा घेतला आहे. काय सांभाळावे?

उत्तर : आराखडा चांगला आहे, साध्या वर्कशॉपमध्ये जमतो. तीन लाकडी पाती, दोन लोखंडी चकत्यांवर प्रत्येकी १२ निओडायमियम चुंबक आणि मध्ये ९ कॉइलचा (तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांचा) स्टेटर, म्हणजे न फिरणारा, वीज तयार होणारा भाग. पाती तासायला सगळ्यांची झुंबड उडते, पण काम नासते ते स्टेटरवर. वेढे मोजणाऱ्याशी कुणी गप्पा मारू नयेत. नऊ कॉइल तीन-तीनच्या तीन गटांत जोडतात, प्रत्येक गट म्हणजे एक फेज. एका फेजच्या तीन कॉइलपैकी एक उलटी जोडली गेली, तर त्या फेजचा व्होल्टेज एकतृतीयांशावर येतो. कॉइल साच्यात ठेवून वर रेझिन (घट्ट होणारा द्रव) ओततात. त्यात टाल्कम पावडर घालायची ती नुसती घट्टपणासाठी नव्हे, ती उष्णताही शोषते. घाईने हार्डनर (रेझिन घट्ट करणारे द्रव्य) जास्त घातला की ओतीव भाग तापून तडकतो.

मनोऱ्यावर चढवण्याआधी चक्र हाताने फिरवा. स्टेटरमधून बाहेर येणाऱ्या तिन्ही तारा सुट्या असताना ते मोकळे फिरले पाहिजे. दोन तारा एकत्र धरल्या तर धक्के देते, तिन्ही जोडल्या तर एकसारखे जड होते. तारा सुट्या असूनही जड लागले, तर आत शॉर्ट आहे, म्हणजे तारा एकमेकींना चिकटल्या आहेत.

शेपूट 'मजबुती'साठी जाड पत्र्याची करू नका. वादळात ती वर उचलली जाऊन चक्र वाऱ्यापासून बाजूला वळते. वजन वाढले की वळायला उशीर होतो आणि कॉइल जळतात.

प्रश्न : बॅटरी भरली की सोलर पॅनेलसारखी जोडणी तोडली तर चालेल का?

उत्तर : मुळीच नाही. भार सुटताच चक्र बेफाम होते. जादा वीज डंप लोडमध्ये, म्हणजे ती खपवणाऱ्या हीटरसारख्या उपकरणात वळवा. पवनचक्की थांबवायची असेल तर तिन्ही फेजच्या तारा एकमेकींना जोडून शॉर्ट करा, तेही वारा मंद असताना.

एक कटू गोष्ट. तुमच्याकडचा वारा मुख्यतः जून ते सप्टेंबरचा. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातली शक्ती आठवा हिस्सा उरते, म्हणून दिवाळीत चक्र रेंगाळले तर नवल नाही. जोडीला सोलर हवेच. दर मे महिन्यात मनोरा आडवा करून बोल्ट, ताणाच्या तारा, पात्यांच्या कडा आणि चुंबकांवरचा गंज पाहावा लागेल. हे करणारे दोघे वाडीतलेच हवेत, आणि पहिल्या कॉइलपासून हाताशी हवेत. स्टेटरचा प्लायवूडचा साचा मात्र आठवण म्हणून परत आणू नका, त्यांच्याकडेच ठेवा.