प्रश्न विचारल्यावर तो काय करतो, ते पाहा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वर्षभरापासून तुमच्या प्रार्थनागटात एक उपदेशक येतात. न सांगता लोकांची नावं आणि दुखणी ओळखतात, बायबलमधली वचनं त्यांना तोंडपाठ आहेत. पण दानाच्या पैशांचा हिशोब कुणी विचारला, तर "देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नका" एवढंच उत्तर मिळतं. तुमच्या मनात शंका आली आहे, आणि शंका आली म्हणून आपल्याच हातून पाप घडतंय की काय, ही भीतीही आहे. खोटा शिक्षक ओळखायचा कसा, असं तुम्ही विचारलंय.

आधी त्या भीतीबद्दल बोलते, कारण ती गेल्याशिवाय पुढचं काही नीट ऐकू येत नाही. पारखून घेणं हे पाप नाही, ती आज्ञा आहे. प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, ते देवापासून आहेत की नाहीत हे पारखा, असं योहान आपल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात सांगतो. बिरुया इथले लोक पौलाचा उपदेश ऐकून घरी जायचे आणि तो म्हणतो ते शास्त्रात खरंच आहे का, हे रोज तपासायचे. प्रेषितांच्या कृत्यांच्या १७व्या अध्यायात त्याबद्दल त्यांची स्तुती केली आहे. आणि ते तपासत होते ते खुद्द पौलाला! पौल त्यांच्यावर रागावल्याचा एक शब्दही तिथे नाही.

आता 'अभिषिक्ताला हात लावू नका' हे वचन. अभिषिक्त म्हणजे देवाने निवडून नेमलेला माणूस. ते स्तोत्र १०५ मधलं आहे. आधीच्या चार-पाच ओळी वाचल्या तर कळतं की विषय अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांचा आहे. हे मूठभर लोक परक्या देशांतून भटकत होते आणि तिथल्या राजांनी त्यांना इजा करू नये म्हणून देवाने त्यांना राखलं. हिशोब विचारण्याचा तिथे संबंधच नाही. शौल राजा तर खरोखर अभिषिक्त होता. दाविदाने त्याच्यावर तलवार उचलली नाही, पण त्याच्या झग्याचा कापलेला तुकडा हातात धरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं त्याला विचारलं की तू माझ्या मागे का लागला आहेस? पुढे दावीद स्वतः अभिषिक्त राजा झाला, तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याच्या तोंडावर सांगितलं, तो माणूस तूच आहेस. दाविदाने पाप कबूल केलं. नाथानाला गप्प केलं नाही.

माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे मी हे पुस्तकी बोलत नाही हे कळेल. मी जवळपास तीन वर्षं अशाच एका गटात होते. तिथले उपदेशक शास्त्राबाहेरचं फारसं काही बोलत नसत, म्हणूनच मला उशीर झाला. उपदेशाची टिपणं काढायची मला सवय होती. एकदा आजारपणात घरी पडून होते, तेव्हा जुनी वही चाळायला घेतली. पानामागून पान त्यांची स्वप्नं, त्यांना झालेली दर्शनं, त्यांना विरोध करणाऱ्यांचं काय झालं याच्या गोष्टी. वधस्तंभ कुठे आला म्हणून शोधायला लागले, तर सात महिन्यांच्या टिपणांत तो एकदाही नव्हता. पश्चात्ताप हा शब्द दोनदा होता, दोन्ही वेळा गट सोडून गेलेल्यांसाठी. त्या दिवशी मी वही मिटून खूप रडले.

म्हणून माझा पहिला सल्ला हाच आहे की उपदेशक काय बोलतो याइतकंच तो काय गाळतो याकडेही लक्ष द्या. रानात सैतानाने येशूला मोहात पाडताना स्तोत्र ९१ म्हणून दाखवलं. शब्द शास्त्रातलेच होते. पण मत्तयाचा चौथा अध्याय आणि ते स्तोत्र शेजारी ठेवून वाचा. देव तुझ्या सर्व मार्गांत तुझं रक्षण करील, हा भाग त्याने सोडून दिला आहे. देवाच्या मार्गाने चालणाऱ्याला दिलेलं वचन त्याने उडी मारायला परवानगी म्हणून वापरलं. त्यामुळे कुणी एकच ओळ वारंवार ऐकवत असेल तर घरी येऊन तो पूर्ण अध्याय वाचायचा. दशमांश न देणं म्हणजे देवाला ठकवणं, हे मलाखीतलं वचन बहुतेकांनी ऐकलेलं असतं. त्याच मलाखीच्या पहिल्या दोन अध्यायांत देवाने याजकांनाच किती कठोर शब्दांत सुनावलंय, हे कितीजणांना सांगितलं जातं? दर तिसऱ्या वर्षीच्या दशमांशावर उपासनेची सेवा करणाऱ्या लेव्यांबरोबर परका, अनाथ आणि विधवा यांचाही हक्क होता, हे जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या १४व्या अध्यायात आहे. तेही बहुधा राहूनच जातं.

नावं आणि आजार ओळखण्याबद्दल. देव आजही बरं करतो, असं मी मानते. पण चमत्कार म्हणजे शिक्षकाचं प्रमाणपत्र नव्हे. अनुवादाच्या १३व्या अध्यायात सांगितलंय की एखाद्याने दिलेलं चिन्ह खरं ठरलं, तरी तो दुसऱ्या देवांमागे नेत असेल तर त्याचं ऐकू नका. 'प्रभू, आम्ही तुझ्या नावाने भुतं काढली' म्हणणाऱ्या कित्येकांना येशू सांगेल की मी तुम्हाला कधी ओळखलंच नाही. शिवाय फसवणूकही होते. अमेरिकेत पीटर पोपॉफ नावाचे उपदेशक भरसभेत अनोळखी माणसांची नावं, पत्ते, आजार सांगायचे आणि लोक थक्क व्हायचे. १९८६ मध्ये अशा फसवणुकी उघड करणारे जादूगार जेम्स रँडी आणि त्यांच्या साथीदारांनी रेडिओ लहरी पकडून दाखवल्या. पोपॉफ यांच्या कानात छोटं यंत्र होतं आणि लोकांनी सभेआधी भरून दिलेल्या प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांमधली माहिती त्यांची पत्नी त्यांना सांगत होती. पुढच्याच वर्षी त्यांनी दिवाळखोरी जाहीर केली, आणि काही वर्षांनी ते पुन्हा टीव्हीवर आले. तुमचे उपदेशक असंच करतात असं मी म्हणत नाही. लोकांच्या दुखण्यांची माहिती त्यांच्यापर्यंत कुठून पोचू शकते, एवढं शांतपणे पाहा.

इथे एक गोष्ट मला जोर देऊन सांगायची आहे. 'विश्वास असेल तर औषधं बंद करा' असं कुणी म्हणालं, तर त्या क्षणी त्याचं ऐकणं थांबवा. आजार गेला नाही म्हणजे विश्वास कमी पडला, ही शिकवण आजाऱ्याला दुहेरी मारते. पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारी अवस्थेत मागे ठेवलं होतं. तीमथ्याच्या पोटासाठी त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. आणि लूक, पौलाचा प्रिय सोबती, वैद्य होता.

पैशाची कसोटी फार जुनी आहे. 'डिडाखे' नावाची एक छोटी पुस्तिका आहे, अगदी सुरुवातीच्या मंडळ्यांची. तिचं हस्तलिखित १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडलं. त्या काळी फिरते उपदेशक गावोगाव जात असत. त्यांना प्रभूसारखं मानून घरात घ्या, पण तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा, आणि निघताना पैसे मागितले तर खोटा संदेष्टा, असं ती पुस्तिका सांगते. आत्म्याने भरून 'मला पैसे द्या' म्हणणाऱ्याचं ऐकू नका, पण तो गरजू लोकांसाठी मागत असेल तर त्याला दोष देऊ नका, इतका बारीक भेदही तिच्यात आहे. खुद्द पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेत होता, तेव्हा मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत होती. कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये, देवासमोर आणि माणसांसमोरही सगळं स्वच्छ असावं, असं त्याने करिंथकरांना लिहिलं. हिशोब मागणं हा प्रेषिताला अपमान वाटला नाही. मग आजच्या कुणाला तो का वाटावा?

आता मला ज्याला सगळ्यात जास्त महत्त्व द्यावंसं वाटतं ते. चुकणारा शिक्षक आणि खोटा शिक्षक यांत फरक आहे, आणि तो न ओळखता दुधाने तोंड पोळलेल्यासारखं आपण ताकही फुंकून पिऊ लागतो. गटातून बाहेर पडल्यावर माझं तसंच झालं होतं. प्रत्येक पाळकात मला लांडगा दिसायचा. बाप्तिस्मा कधी द्यावा, उपासना कशी करावी, यावर वेगळं मत असलेला माणूस खोटा ठरत नाही. अपुल्लोस शास्त्रात निपुण होता, आवेशाने बोलायचा, पण त्याला फक्त बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला तंबू शिवणारं जोडपं. त्यांनी त्याला घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला आणि त्याने तो समजून घेतला. पेत्र अंत्युखियात यहुदी लोकांच्या भीतीने परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला, तेव्हा पौलाने सर्वांसमोर त्याची चूक दाखवली. तरी पेत्राच्या नावच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौलाचा उल्लेख 'आपला प्रिय बंधू' असाच येतो.

याउलट दियत्रफेस. योहानाच्या तिसऱ्या पत्रात तो अवघ्या दोन वचनांपुरता येतो, पण मला तो समोर उभा दिसतो. त्याला पहिलं स्थान हवं असतं. तो योहानाचं ऐकत नाही, त्याच्याविरुद्ध वाईट बरळतो, बाहेरून आलेल्या बंधूंना घरात घेत नाही आणि जे घेतात त्यांना मंडळीबाहेर काढतो. त्याने कुठलं चुकीचं मत मांडलं, हे पत्रात लिहिलेलंच नाही. त्याची ओळख सांगितली आहे ती त्याच्या वागणुकीवरून.

अमेरिकेतले रेडिओ उपदेशक हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही न्यायाची तारीख जाहीर केली होती आणि कित्येक लोकांनी त्यावर आपलं सर्वस्व लावलं. तो दिवस गेला, मग त्यांनी सांगितलेली ऑक्टोबरची तारीखही गेली. २०१२ मध्ये त्यांनी लिहून कबूल केलं की तारीख सांगणं हे पाप होतं. झालेलं नुकसान त्याने भरून निघालं नाही, पण ही कबुली मला महत्त्वाची वाटते. भविष्यवाणी फसल्यावर 'तुमचा विश्वास कमी पडला' म्हणणारे मी पाहिलेत. आपण चुकलो असं म्हणणारा त्यांच्यात एकही नव्हता.

म्हणून तुम्ही एक करा. एक साधा प्रश्न निवडा, हिशोबाचाच चालेल. दोघा-तिघांनी मिळून, आदराने, एकांतात विचारा. उत्तर उशिरा आलं, अर्धवट आलं, तरी चालेल. बघायचं ते हे की पुढच्या रविवारी तुमच्याशी कसं वागलं जातं. तुमचं नाव न घेता व्यासपीठावरून टोमणे आले, इतरांना तुमच्याशी बोलू नका म्हणून सांगितलं गेलं, तुमच्या घरच्या आजाराला तुमच्या प्रश्नाशी जोडलं गेलं, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

माणसांना तोडणं ही खूण कधीच हलकी समजू नका. आईवडील, जुने मित्र, दुसऱ्या मंडळीतले विश्वासणारे यांच्यापासून हळूहळू दूर करणं हे पुढच्या सगळ्या गोष्टींचं दार असतं. जिम जोन्स या उपदेशकाने आपल्या लोकांना अमेरिकेतून गयानाच्या जंगलात नेलं. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी तिथे नऊशेहून अधिक माणसं मेली, त्यांत सुमारे तीनशे मुलं होती. केनियातल्या शाकाहोलाच्या जंगलात २०२३ मध्ये चारशेहून अधिक मृतदेह उकरून काढले गेले. येशूला भेटण्यासाठी उपाशी राहा, अशी शिकवण तिथे दिली गेल्याचं समोर आलं. बहुतेक गट इतक्या टोकाला जात नाहीत. पण इफिसच्या मंडळीच्या वडिलांचा, म्हणजे पुढाऱ्यांचा, निरोप घेताना पौलाने जे सांगितलं, की तुमच्यातूनच माणसं उठतील आणि शिष्यांना आपल्यामागे ओढून नेतील, त्यातला 'आपल्यामागे' हा शब्द लक्षात ठेवा. ओढ ख्रिस्ताकडे आहे की त्या माणसाकडे?

स्वतःला जपण्यासाठी फार काही अवघड लागत नाही. शुभवर्तमान एकसलग वाचा, सुटी वचनं नकोत. जिथे एकाच्या शब्दावर सगळं चालत नाही, वडीलमंडळ खरोखर प्रश्न विचारतं, अशा मंडळीत राहा. तीमथ्याच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातली अध्यक्षाची, म्हणजे मंडळी सांभाळणाऱ्याची, लक्षणं काढून बघा. शिकवण्याची हातोटी त्यांत आहे, पण बाकी जवळजवळ सगळी स्वभावाची आहेत. तो द्रव्यलोभी नसावा, मारका नसावा, बाहेरच्या लोकांतही त्याचं नाव चांगलं असावं. आणि कुणाच्या शरीराला हात लावला गेला, मुलांना त्रास झाला, पैशांचा अपहार झाला, तर 'मत्तय १८ प्रमाणे आधी एकांतात मिटवा' हे ऐकून घेऊ नका. तो गुन्हा आहे, पोलिसांकडे जा. बंधूच्या पापासाठी सांगितलेली वाट गुन्हा झाकायला वापरणं हेही खोट्या शिक्षकाचंच काम आहे.

तुमच्या गटातले बाकीचे लोक लगेच तुमच्यासोबत बाहेर पडतील असं धरून चालू नका. माझी एक जवळची मैत्रीण अजून तिथेच आहे. सुरुवातीला मी तिला वचनं पाठवायचे, बातम्या पाठवायचे, आणि ती आणखी दूर गेली. यहूदाच्या पत्रात खोट्या शिक्षकांना इतकं झोडपल्यावर शेवटी डळमळणाऱ्यांवर दया करा, असं लिहिलंय. ते मी फार उशिरा वाचलं. आता दर रविवारी संध्याकाळी मी तिला फोन करते. त्या उपदेशकांचं नाव काढत नाही, तिची चौकशी करते. गेल्या महिन्यात तिने पहिल्यांदाच मला विचारलं, "तुझी ती वही अजून आहे का?"