रुग्णालयाचीच एथिक्स कमिटी असेल, तर तिच्यावर भरवसा का ठेवावा?

आपल्या वडिलांना पुण्यातील एका रुग्णालयात नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी होण्याबद्दल विचारले आहे आणि 'एथिक्स कमिटीची मान्यता आहे' एवढ्यावर विसंबून सही करावी का, असे आपण विचारता. एथिक्स कमिटी म्हणजे चाचणीत रुग्णांची सुरक्षितता आणि हक्क जपले जातात का, हे पाहणारी समिती. मी निवृत्त शिक्षक आहे आणि पुण्यातील अशाच एका समितीवर काही वर्षे 'सामान्य व्यक्ती' या नात्याने बसतो.

समिती रुग्णालयाची म्हणवली जात असली, तरी २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांनुसार तिच्यात किमान सात सदस्य असावे लागतात, त्यांतले निम्मे तरी त्या संस्थेशी संबंध नसलेले असतात आणि अध्यक्षही बाहेरचाच असतो. बैठकीला डॉक्टर कितीही जमले, तरी कायद्याचा जाणकार, समाजशास्त्राचा अभ्यासक किंवा तत्सम सदस्य आणि माझ्यासारखा सामान्य माणूस हजर नसेल, तर चाचणीच्या प्रस्तावावर निर्णय घेता येत नाही.

आमचा निम्मा वेळ संमतीपत्राच्या मराठीवर जातो. एका मसुद्यात 'सहभागीचे यादृच्छिकीकरण करण्यात येईल' असे वाक्य होते. मराठी शिकवण्यात जन्म गेला, तरी मलाही ते दोनदा वाचावे लागले. शेवटी 'नवे औषध मिळेल की औषधासारखीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी मिळेल, हे नाणेफेकीसारखे ठरेल. डॉक्टरांनाही ते माहीत नसेल' असे लिहून घेतले. त्याच चाचणीत रुग्णाला रुग्णालयात नऊ फेऱ्या माराव्या लागणार होत्या. भोरहून एसटीने स्वारगेटला उतरून येणाऱ्या मजुराचा प्रत्येक फेरीला एक रोज बुडतो, तो कोण भरून देणार, हा प्रश्न सामाजिक कार्यकर्त्या सदस्य बाईंनी विचारला, आणि प्रवासखर्चाबरोबर बुडीत मजुरीही मंजूर होईपर्यंत प्रस्ताव अडून राहिला.

मान्यता दिली म्हणजे आमचे काम संपले, असे नाही. सहभागी रुग्णाला गंभीर त्रास झाल्यास चाचणी करणाऱ्या डॉक्टरांनी चोवीस तासांत आम्हाला कळवायचे असते, आणि भरपाई द्यायची का व किती, यावर आमचे मत तीस दिवसांत केंद्रीय औषध नियंत्रकांकडे जावे लागते.

मात्र समितीची मान्यता म्हणजे औषध गुणकारी असल्याची हमी नव्हे. गुण येतो का, हेच तर चाचणीत पाहायचे असते. बिलाच्या किंवा नेहमीच्या उपचारांच्या तक्रारीही आमच्याकडे येत नाहीत, जरी लोक त्या घेऊन येतात.

तेव्हा संमतीपत्र घरी आणा आणि वडिलांना मोठ्याने वाचून दाखवा. जिथे ते 'म्हणजे काय?' असे विचारतील, तिथे पेन्सिलीने खूण करा आणि त्या खुणांची उत्तरे डॉक्टरांकडून मिळाल्याखेरीज सही करू देऊ नका. केव्हाही, कारण न देता, चाचणीतून बाहेर पडता येईल आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबणार नाहीत, हे वाक्य त्यात असलेच पाहिजे. समितीच्या अध्यक्षांचा संपर्कही त्यातच दिलेला असतो. तो क्रमांक शोभेसाठी नाही; सहीच्या आधीही लावून पाहायला हरकत नाही.