नकाशा रंगवून झाला की कंटाळा का येतो

प्रश्न वाचला. युरोपा युनिव्हर्सालिस 4 हा जुन्या काळातला देश चालवायचा गेम घेतलास, व्हिडिओ बघून ऑटोमन, म्हणजे तुर्कांचं साम्राज्य निवडलंस, शंभरेक वर्षांत बाल्कन, इजिप्त आणि अर्धा इराण हिरवा करून टाकलास आणि आता विचारतोयस की यात लोक हजार हजार तास करतात तरी काय. तुला गेम जमत नाही असं अजिबात नाहीये, उलट जरा जास्तच पटकन जमलाय. ऑटोमन हा त्यातला सगळ्यात दणकट देशांपैकी एक, शिकायला ठीक, पण त्याच्यावर कोणी दादागिरीच करू शकत नाही आणि या प्रकारच्या गेममध्ये सगळी मजा कुणाच्या तरी दादागिरीखाली राहण्यात आहे.

मुळात इथे जिंकणं असं काही नसतंच. 11 नोव्हेंबर 1444 ला सुरू होतं, 1821 ला संपतं, मधे काय करायचं ते तू ठरव, कोपऱ्यात स्कोर दिसतो पण तो कोण बघतंय. (ती सुरुवातीची तारीख पण उगाच घेतलेली नाही. आदल्या दिवशी वार्नाच्या लढाईत पोलंड आणि हंगेरी दोन्हीकडचा तरुण राजा मारला गेला, म्हणजे तू गेम उघडतोस तेव्हा ऑटोमनांना रोखायला आलेली मोहीम कालच बुडालेली असते. तुला सोपं गेलं त्याचं निम्मं कारण ते.)

तर आता खुर्ची बदल आणि त्याच हिरव्या राक्षसाच्या शेजारी जाऊन बस. लोक बायझँटियम सुचवतील, मी अल्बेनिया सांगेन. इवलासा देश, राजा स्कंदरबेग. खऱ्या इतिहासात हा माणूस 1468 ला मरेपर्यंत ऑटोमनांना पुरून उरला, क्रूयाच्या किल्ल्याला 1450 साली खुद्द सुलतान मुराद वेढा घालून बसला होता आणि हात हलवत परत गेला, किल्ला पडला तो 1478 मध्ये, म्हणजे स्कंदरबेग गेल्यावर दहा वर्षांनी. गेममध्ये तुझं काम तेवढंच, टिकायचं. व्हेनिसशी गोड बोल, हंगेरीची खुशामत कर, कर्ज काढून भाडोत्री सैन्य ठेव आणि सुलतान दुसरीकडे कुठेतरी युद्धात अडकायची वाट बघ. दोन प्रांत जास्तीचे मिळाले तरी जो आनंद होतो ना, तो अख्खा इजिप्त गिळून झाला नसेल तुला.

दुसरं म्हणजे लढाई हरली की जुनी सेव्ह लोड करणं बंद कर. आयर्नमॅन मोड चालू कर, त्यात सेव्ह एकच असते आणि गेम स्वतःच तिच्यावर लिहीत राहतो, मागे जाताच येत नाही. पहिले काही दिवस चिडचिड होईल. पण हरलेल्या युद्धानंतरची वीस वर्षं, तिजोरी रिकामी, बंडखोर उठलेत, शेजारी जिभल्या चाटत बसलेत, यातून सावरणं हाच गेमचा गाभा आहे आणि रिलोड करणारा माणूस नेमका तोच भाग फेकून देतो.

पण तुझं वर्णन वाचून मला वाटतं तुझा खरा गेम क्रुसेडर किंग्ज 3 असावा. तिथे तू देश नसतोस, माणूस असतोस. 867, 1066 किंवा 1178 पासून सुरुवात, राजा मेला की तू त्याचा वारस होतोस. आणि वारसाहक्काचा कायदा सुरुवातीला बहुतेक ठिकाणी वाटणीचा असतो, म्हणजे आयुष्यभर खपून दोन राज्यं जमवलीस की मेल्यावर एक मोठ्याकडे, दुसरं धाकट्याकडे, आणि धाकटा आता स्वतंत्र राजा, बहुतेकदा तुझाच वैरी. सम्राट शार्लमेनच्या नातवांनी 843 मध्ये व्हर्डनला साम्राज्याचे तीन तुकडे केले हे वाचताना वाटतं काय मूर्ख लोक होते. गेममध्ये पन्नाशी उलटलेला राजा घेऊन बसलास की कळतं, तेव्हाच्या कायद्यात दुसरा रस्ताच नसतो. मग तू काय करतोस तर तिसरा मुलगा झाला की आनंद न होता पोटात गोळा येतो. त्याला मठात पाठवता येईल का बघतोस, वारसा काढून घ्यायला किती रिनाउन, म्हणजे घराण्याने कमावलेली प्रतिष्ठा लागेल बघतोस, आणि रात्री एक वाजता आपल्याच सहा वर्षांच्या मुलाच्या चित्रावर राइट क्लिक करून खुनाच्या कटाचे टक्के वाचत असतोस. ऑटोमन सुलतान तिसऱ्या मेहमेदने 1595 ला गादीवर बसताच 19 भाऊ मारवले. हे वाक्य पुस्तकात वाचलं की तो राक्षस वाटतो, इथे तू त्याच्या हिशोबाच्या फार जवळ जाऊन पोचतोस आणि ते अस्वस्थ करणारं आहे. वर गेमने राजाला स्वभाव पण दिलेले असतात, दयाळू राजाकडून खून करवलास तर त्याचा स्ट्रेस वाढतो, दारू प्यायला लागतो, खचतो. युद्धं मला आता नीट आठवत पण नाहीत, ही घरातली भानगड मात्र लक्षात राहते.

व्हिक्टोरिया 3 युद्ध नको असेल तर. 1836 ते 1936, मुख्य धंदा कारखाने आणि कायदे. कायदा बदलायचा म्हटला की जमीनदार आडवे येतात, त्यांना डावलावं तर सरकार डळमळतं. ब्रिटनमध्ये 1846 ला धान्य आयातीवरचे कॉर्न लॉ रद्द झाले आणि पंतप्रधान पीलचं सरकारच गेलं, तसलं काहीतरी तुझ्याबरोबर दर दहा वर्षांनी होत राहतं. बेल्जियम घे, लहान आहे, आवाक्यात राहतं. दुसऱ्या महायुद्धावरचा हार्ट्स ऑफ आयर्न 4 मी फार सुचवणार नाही, चांगला आहे, रसद आणि रेल्वेचं काम भारी आहे, पण तिथे समोरच्याला पाडणं हेच ध्येय, तुझा प्रश्न तिथे सुटणार नाही.

एक गोष्ट मात्र डोळे उघडे ठेवून बघ. या गेममध्ये खूप काही दिसतच नाही. युरोपा युनिव्हर्सालिसमध्ये अमेरिकेतले बरेच प्रांत रिकामे दाखवतात, तिथली माणसं म्हणजे कोपऱ्यातला एक आकडा, शेजारी त्यांच्यावर हल्ला करायचं बटण. हार्ट्स ऑफ आयर्नमध्ये जर्मनी खेळता येतो, छळछावण्या कुठेच नाहीत. गेम इतिहास शिकवतो असं कोणी ठासून सांगितलं तर हे त्याला दाखव. माझ्या मते तो फक्त सत्तेच्या खुर्चीतून काय दिसतं ते दाखवतो, आणि त्या खुर्चीतून बरंच काही दिसत नाही हे पण त्यात आलंच.

शेवटपर्यंत खेळायचा आग्रह धरू नकोस. 1821 पर्यंत जाणारे फार थोडे, कारण एकदा तू सगळ्यांपेक्षा मोठा झालास की पुढची दोनशे वर्षं नुसतं क्लिक करणं उरतं, गेम पण मंदावतो. गोष्ट संपली वाटलं की खुशाल बंद कर आणि नवीन देश घे. आणि सगळे डीएलसी, म्हणजे वेगळे पैसे मोजून घ्यायचे जादाचे भाग, एकदम घेऊ नकोस, क्रुसेडर किंग्ज तर मूळ गेमवरच कितीतरी दिवस पुरेल. कुठली गोष्ट नाहीये म्हणून अडतंय हे कळलं की मग तेवढाच सेलमध्ये घे.