तुझ्या लेखी ज्ञान म्हणजे काय?

प्रिय,

तुझा संशोधन आराखडा वाचला. विषय मनापासून आवडला, पण एक विसंगती खटकते आहे. पहिल्या प्रकरणात तू लिहिलं आहेस की तंत्रज्ञांचं कसब शब्दांत मावत नाही. पुढे मात्र तेच कसब प्रश्नावलीने मोजायचं ठरवलं आहेस. जे त्यांना सांगताच येत नाही, ते पाचपैकी एका चौकटीत खूण करून कसं सांगतील?

ज्ञान ही संस्थेकडे असलेली, इकडून तिकडे नेता येणारी संपत्ती मानली, तर सर्वेक्षण शोभतं. व्यवस्थापन-संशोधक शुलान्स्की यांनी 1996 मध्ये आठ कंपन्यांतली कार्यपद्धतींची 122 हस्तांतरणं याच वाटेने तपासली. चांगल्या पद्धती दुसऱ्या विभागात का रुजत नाहीत, हा त्यांचा प्रश्न होता. लोकांची अनिच्छा हे नेहमीचं उत्तर. त्यांना मात्र घेणाऱ्याची तोकडी ग्रहणक्षमता, कार्यकारणाची अस्पष्टता (पद्धत नेमकी कशामुळे चालते हे न कळणं) आणि दोन्ही बाजूंमधले अवघड संबंध जास्त आड येताना दिसले. प्रश्न आणि पद्धत एकमेकांना धरून असल्यामुळे हे काम मला चोख वाटतं.

तुझा प्रश्न वेगळा आहे. मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी झेरॉक्सच्या दुरुस्ती तंत्रज्ञांबरोबर राहून काम पाहिलं. पुस्तिकेत न सापडणारे बिघाड ती माणसं एकमेकांना जुने किस्से सांगत उलगडत होती. इथे ज्ञान कुणा एकाच्या डोक्यात साठवलेलं नाही, ते काम करताना आणि बोलताना घडतं आहे. ऑर्लिकोव्स्की यांचा 2002 चा लेखही याच बाजूचा. तो आधी वाच.

नोनाका आणि ताकेउची यांचं ज्ञाननिर्मितीचं प्रारूप तू जसंच्या तसं उचललं आहेस. अव्यक्त, म्हणजे शब्दांत न मांडलेल्या, ज्ञानाचं व्यक्तात रूपांतर होतं, हा त्यांचा पाया. अव्यक्त ज्ञानाची कल्पना मांडणारे तत्त्वज्ञ पोलान्यी यांच्या मूळ मांडणीत असं रूपांतर बसत नाही, हा संघटना-अभ्यासक त्सूकास यांचा आक्षेप मला पटतो. तुला पटलाच पाहिजे असं नाही, पण त्याला उत्तर न देता पुढे जाऊ नकोस. परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतील.

ज्ञान ही संपत्ती आणि ज्ञान ही कृती, या दोन्ही वाटा जोडायच्याच असतील तर कुक आणि ब्राउन यांचा 1999 चा लेख उपयोगी पडेल.

तूर्तास प्रश्नावली बाजूला ठेव. कामाच्या जागी जाऊन बस. यंत्र अडलं की कोण कुणाला हाक मारतं, काय विचारतं, हात कुठे जातो, ते त्यांच्याच शब्दांत टिपून घे. टिपणं न सुधारता मला पाठव. आराखड्याचं तिसरं प्रकरण त्यानंतर बोलू.