व्रत घेण्याआधी

प्रिय मुली,

बारावीचा निकाल लागला की लगेच मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीत जाणार, असं लिहिलंस. वसईत व्रतस्थ सिस्टर होणं नवलाचं नाही, तेव्हा मी तुला अडवणार नाही. पण आधी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, कर. आयुष्यभर वॉर्डात उभी राहिलेली बाई सांगते आहे, म्हणून ऐक.

मदर तेरेसांना दार्जिलिंगच्या गाडीत गरिबांत जाऊन राहण्याची देवाची हाक आली १० सप्टेंबर १९४६ला. परवानगी मिळून लोरेटो कॉन्व्हेंटबाहेर पडल्या तेव्हा ऑगस्ट १९४८ उजाडला होता. शाळेची मुख्याध्यापिका राहिलेली ही बाई वस्तीत जाण्याआधी पाटण्याला गेली, मेडिकल मिशन सिस्टर्सकडे रुग्णसेवा शिकायला! मीठ-भातावर राहायचा बेतही तिथल्या सिस्टर्सनीच मोडून काढला: नीट जेवला नाहीत तर गरिबांची कामं करणार कोण? संस्था उभी राहिली त्यानंतर, ७ ऑक्टोबर १९५०ला.

तिथे दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन नेहमीच्या व्रतांबरोबर चौथंही घ्यावं लागतं: गरिबातल्या गरिबाची मनापासून, विनामूल्य सेवा. त्यातलं 'मनापासून' तुझ्याकडे आहे, याबद्दल मला शंका नाही. पण कालीघाटच्या 'निर्मल हृदय' या मरणासन्नांच्या आश्रमात खाटेवरच्या माणसाला पाणी पाजताना नुसतं मन पुरत नाही. मान जरा उचलून धरायची, चमच्याने थोडंसंच द्यायचं, घोट गिळला ना ते गळ्याकडे बघून ठरवायचं, मगच दुसरा चमचा. घाईने ओतलंस तर पाणी फुप्फुसात जातं. दर दोन तासांनी कूस बदलली नाहीस तर माकडहाडाशी कातडी लाल होते, आणि पुढे तिथेच बेडसोर पोखरत जातो. त्यांच्या प्रत्येक चॅपेलमध्ये क्रुसाशेजारी 'मला तहान लागली आहे' हे प्रभूचे शब्द लिहिलेले असतात. ती तहान भागवायची रीत हातांनी शिकावी लागते.

संस्थेवर टीका झाली, तीही वाच. १९९४मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांनी कालीघाट पाहून लिहिलं, की रोगाचं नीट निदान होत नाही आणि मरणाऱ्यांना जोरकस वेदनाशामकं मिळत नाहीत. आपल्या लोकांना हे वाचून राग येतो. मला ते म्हणणं खरंच गंभीर वाटतं. वेदना प्रभूला अर्पण करायची की नाही, हे ज्याची त्याने ठरवावं. आपल्या हाती औषध असेल तर ते द्यायलाच हवं. तुझ्यासारख्या शिकलेल्या मुली आत गेल्या तर हे बदलायला मदत होईल, असं मला मनापासून वाटतं.

कोर्स संपला की सुट्टीत स्वयंसेविका म्हणून जाऊन ये. बादलीत चादरी धू, भांडी घास, पहाटेच्या मिस्साला बस. तरीही ओढ राहिली तर फादरांशी बोल. नॉव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचं प्रशिक्षणच, दोन वर्षांचं असतं, कायमची व्रतं त्याच्याही कितीतरी पुढे, तेव्हा उशीर होईल ही भीती सोड.

आईला अजून सांगितलं नाहीस ना? या रविवारी सांग. ती रडली तर मला बोलाव, मी येते.

तुझी,
मावशी